पुलाचा कोर्स

माहेरी माझं एक टोपणनाव आहे: अर्धवट. हे नाव कुणी रागानं ठेवलेलं नाही, पुराव्यानिशी ठेवलेलं आहे. विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीपाशी थांबला, आणि पुढं कैक वर्षं आई त्या बाहीनं चुलीवरचं भांडं उतरवत होती. शिवणक्लासला गेले तर परकर शिवता यायला लागला आणि ब्लाउज राहून गेला. बारावी सायन्सला बसले तर प्रॅक्टिकलच्या तोंडावर लग्न ठरलं. लग्नामुळं बारावी सुटली असं मी लोकांना सांगते. पण माझं फिजिक्स ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, ती सुटणारच होती. लग्नानं फक्त इभ्रत राखली.

गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून मी चिकलठाण्याला आले. नवरा तिथल्याच एका कारखान्यात कामाला. मुलगी झाली, शाळेत जायला लागली, आठवीत गेली, आणि एक दिवस दप्तर भरता भरता मला म्हणाली, "मम्मी, आम्ही गेल्यावर तू दिवसभर करते काय गं?" अशा नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! त्याच तिरमिरीत मी कम्युनिटी कॉलेजात जाऊन अन्नप्रक्रियेच्या डिप्लोमाला नाव घातलं. अन्नप्रक्रिया म्हणजे जाम, सॉस, सरबतं, लोणची. बारावी झालेली नसली तरी चालत होतं आणि वय कुणी विचारत नव्हतं, म्हणजे कोर्स जणू माझ्याच मापाचा शिवला होता.

आणि काय सांगू, तो डिप्लोमा मी पूर्ण केला. घरात कुणाचा विश्वास बसेना. नवऱ्यानं सर्टिफिकेट उलटं करून मागची बाजूसुद्धा बघून घेतली.

तिथंच थांबले असते तर ही गोष्ट सुखाची झाली असती. पण कॉलेजातल्या सरांनी निरोपाच्या दिवशी सांगितलं की डिप्लोमावाल्यांना विद्यापीठात डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मधे फक्त एक ब्रिज कोर्स करायचा. केमिस्ट्री, गणित, इंग्रजी, शेवटी लेखी आणि तोंडी परीक्षा. पास झालात तर आत. नापास झालात तर दार बंद, पुन्हा बसता येत नाही. "एकदाच संधी आहे, विचार करून ठरवा," सर म्हणाले. विचार करणं हा माझा प्रांत नव्हे. मी तिथल्या तिथं हो म्हणून मोकळी झाले.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून, खांद्याला पर्स लावून वर्गात शिरले आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला. "गुड मॉर्निंग, मॅडम!" एका सुरात. आता माणसानं काय करावं? लाजावं, सांगावं की बाबांनो, मी तुमच्यातलीच आहे. मी हात हलवून म्हणाले, "बसा, बसा." पोरं बसली. मग मी शांतपणे चालत मागच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा जे हसू फुटलं ते खाली ऑफिसपर्यंत गेलं असणार. तेवढ्यात खरेखुरे सर आले. हे आमचे कॉलेजातले सर नव्हेत, विद्यापीठाचे नवे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि अदबीनं म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबावं."

संध्याकाळी ही फजिती सोडून बाकीचं सगळं सांगायला मी आबांना फोन लावला. आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडायचं, कारण त्यांना कमी ऐकू येतं आणि गावात रेंजही कमी.

"आबा, मी ब्रिज कोर्स करू राहिले!"

"काय करू राहिली?"

"ब्रिज! ब्रिज कोर्स! विद्यापीठात जायला लागतो!"

"ब्रिज म्हंजे काय?"

इथं गप्प बसायचं होतं. पण माझं इंग्रजी तोवर चांगलंच अंगात भिनलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. मी ठसक्यात सांगितलं, "ब्रिज म्हणजे पूल, आबा! पूल!"

मग आबा म्हणाले, "पुलाचा कोर्स? लई भारी." आणि रेंज गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण मला कळायला पुढं महिना-दीड महिना गेला.

गावात चुलतभावाचं लग्न होतं, म्हणून गेले. गंगापूरपर्यंत एसटी, पुढं जीप. जीपमध्ये मला चक्क पुढची जागा दिली. गावात शिरल्यावर एरवी "कवा आली गं?" म्हणणाऱ्या बायका "या ताई" म्हणायला लागल्या. मला वाटलं, विद्यापीठाचं तेज तोंडावर आलं असणार. मान आपोआप ताठ झाली. हळद लागायच्या आधी आबा म्हणाले, "चल जरा, वढ्यापोहोत जाऊन येऊ."

आमच्या गावाच्या आणि मळ्यांच्या मधे एक ओढा आहे. त्यावर सिमेंटचे पाइप टाकून वर मुरूम लोटलेला. पावसाळ्यात मुरूम वाहून जातो, मग मळ्यातली पोरं शाळेत येत नाहीत आणि दूध गावात येत नाही. आम्ही पोचलो तर तिथं आधीच पाच-सहा माणसं उभी. शेजारचे म्हातारे काका, ज्यांनी मला लहानपणी चिंचा चोरताना दोनदा पकडलं होतं, ते पुढं झाले. टोपी सारखी केली आणि मला, मला, विचारलं, "ताई, तुमच्या हिशेबानं हितं किती खांब लागतील?"

डोक्यात लख्ख उजेड पडला. पुलाचा कोर्स! अख्ख्या गावाला वाटत होतं की मी पूल बांधायला शिकते. मी आबांकडं बघितलं. आबा हात पाठीमागं बांधून, छाती काढून, ओढ्याकडं असे बघत होते की पूल उभा राहिलाय आणि आता फक्त रंग द्यायचा बाकी आहे. त्या तोंडाकडं बघून खरं सांगायची छाती झाली नाही. पण काही नाही तर गप्प तरी बसायचं! तेही जमलं नाही. मी ओढ्याच्या काठाला वाकून चिमूटभर माती उचलली, बोटात चुरडली आणि म्हणाले, "आधी माती बघावी लागेल."

"व्हय व्हय," काका बाकीच्यांकडं वळून म्हणाले. "आधी माती बघावी लागंल म्हनती." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर माती बांधून देऊ का म्हणून विचारलं. मी म्हणाले, नको, पुढच्या वेळी.

परतीच्या वाटेवर मी आबांची बाही धरली. "आबा, अहो मी पुलाचं नाही शिकत. लोणच्याचं शिकते!"

आबा थांबले. "लोणच्याला कोर्स लागतो व्हय?"

मी जमेल तसं समजावलं. इकडचं शिक्षण आणि तिकडचं विद्यापीठ, मधे पूल, म्हणून नाव ब्रिज. खरोखरचा पूल नाही, बोलण्यातला. आबांनी सगळं ऐकून घेतलं. तोंडावरचा रंग हळूहळू उतरला, ते मला बघवेना. मग म्हणाले, "कुणाला बोलू नको आता. आधी पास हो. मोठ्या कॉलेजात गेलीस की म्या सांगतो समद्यांना नीट. पन नापास झालीस तर पूल बी नाय आन लोनचं बी नाय. मंग मला देवळापुढनं जाता यायचं नाय."

झालं. आतापर्यंत नापास झाले असते तर माझं नाव गेलं असतं, जे तसंही अर्धवटच होतं. आता आबांचं नाव पणाला लागलं.

आणि अभ्यासात माझे दिवे काय लागत होते ते ऐका. मला आयुष्यभर एकाच गोष्टीची घमेंड: माझ्या हाताला अंदाज आहे. मिठाचा अंदाज, तिखटाचा अंदाज, चाळीस माणसांच्या भाजीचा अंदाज. प्रयोगशाळेत सर काट्यावर मीठ मोजायला शिकवत होते, तेव्हा मी वर्गासमोर म्हणाले, "सर, आम्हाला काटा लागत नाही. हाताला कळतं." सर म्हणाले, "बरं, पन्नास ग्रॅम काढा." मी डोळे मिटून, शिवाय नाटक म्हणून मान वर करून, मूठ भरली आणि काट्यावर रिकामी केली. काट्यानं ब्याऐंशी दाखवलं. सरांना वाटलं काटा बिघडला. दुसरा आणला. तोही तेच म्हणाला. मागून एक पोरगा हळूच म्हणाला, "मॅडमच्या घरी बीपीची गोळी कोण घेतं?" खोटं कशाला सांगू, नवरा घेतो.

टायट्रेशनची तर वेगळीच तऱ्हा. सॉसमध्ये आंबटपणा किती ते काढायचं असतं. वरच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा आणि खालच्या भांड्यात अगदी फिक्कट गुलाबी झाक आली की तिथंच थांबायचं. एक थेंब जास्त झाला की सगळं वाया. माझं दर वेळी असं भडक राणी रंगाचं व्हायचं की त्यात लुगडं रंगवून घ्यावं. "बाई," सर एकदा वैतागून म्हणाले, "हे टायट्रेशन आहे, फोडणी नाही."

घरी गणिताची शिकवणी माझ्या मुलीकडं. ती आता नववीत. एकेकाळी मी तिला ज्या सुरात बोलायचे, तोच सूर तिनं जसाच्या तसा जपून ठेवला होता. "मम्मी, लक्ष कुठंय तुझं? कितीदा सांगायचं? मी बोलते तेव्हा वहीत बघ." मी म्हणायचे, "अगं, कुकर..." ती म्हणायची, "कुकरची कारणं नकोत." समीकरणात एक्स शोधायचा असतो. मी शोधायचे, पण तो मला सापडायचा नाही, आणि सापडला तर भलताच निघायचा. एकदा बारा किलो कैऱ्यांना मीठ किती, याचं माझं उत्तर उणे तीन किलो आलं. मुलीनं पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ नुसती खिडकीबाहेर बघत बसली.

सराव परीक्षा झाली तेव्हा गणितात माझ्या नावापुढं जो आकडा होता, तो सांगण्यासारखा नाही. विद्यापीठातून परत येताना शेअर रिक्षात बसले होते, मांडीवर पुस्तकं. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "बाजी, विद्यापीठ में पढाते क्या?" मी म्हणाले, "नहीं, पढती." तो म्हणाला, "इस उमर में? भोत बढिया." तो मनापासून म्हणाला असेल, पण मला मात्र त्या 'इस उमर में'नं रडूच फुटलं. पस्तिशी उलटलेली बाई भर जालना रोडवर रिक्षात बसून मुसमुसते आहे आणि शेजारचा कॉलेजकुमार हळूहळू दुसऱ्या टोकाला सरकतोय, असं ते दृश्य. घरी जाऊन मी ठरवून टाकलं. बस्स. स्वेटर, ब्लाउज, बारावी, तशीच ही चौथी. आपली जात अर्धवटाची, उगीच कशाला?

आबांना फोन लावला. "आबा, माझ्यानं होत नाही. सोडून देते."

मला वाटलं रागावतील. ते शांतपणे म्हणाले, "सोड की. जीवापरीस काय मोठं नाय. पन गावाला काय सांगू ते सांग. लोकं रोज इचारतेत, ताईनं माती बघितली का? तुझ्या काकानं वढ्यापशी दगडं टाकून खांबाच्या जागा केल्यात."

"दगडं टाकली?"

"तर. पांढऱ्या चुन्यानं रंगवली."

मी डोक्याला हात लावून बसले. मग उठून गणिताचं पुस्तक काढलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा सोडून द्यावंसं वाटलं, तेव्हा तेव्हा ती चुन्यानं रंगवलेली दगडं डोळ्यापुढं यायची आणि मी शिव्या घालत एक्स शोधायला बसायचे. शिव्या एक्सला आणि काकांना समसमान.

लेखी कशीबशी झाली. तोंडीला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. एवढ्याच गोष्टीनं माझं अर्धं अवसान गळालं. आमचे सर बाजूला बसलेले. बाईंनी इंग्रजीत विचारलं, कैरीच्या लोणच्याचा नवीन घाणा लावायचा असेल तर मिठाचं प्रमाण कसं ठरवाल? उत्तर मला येत होतं. मुलीनं घोकून घेतलं होतं. पण तोंड उघडलं आणि आतून इंग्रजी काही वर येईना. आला तो थेट ओढा. मी म्हणाले, "आधी माती बघावी लागेल."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"माती?" बाई मराठीत आल्या.

"माल, मॅडम, माल! आधी माल बघावा लागेल. कैरी कोणती, किती आंबट, पाणी किती. मग त्यावर मीठ." घाम मानेवरून पाठीत उतरत होता.

"आणि ते कशानं बघाल? अंदाजानं?" बाईंनी गालात हसत विचारलं. माझ्या ब्याऐंशी ग्रॅमची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेली होती, हे मला सरांच्या तोंडावरून कळलं.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "माझा अंदाज चुकतो. सगळ्यांसमोर चुकलाय. आंबटपणा टायट्रेशननं काढणार आणि मीठ काट्यावर मोजणार."

"टायट्रेशनमध्ये थांबायचं कधी?"

"फिक्कट गुलाबी आल्यावर. राणी रंग आला तर पुन्हा पहिल्यापासून."

बाई हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. किती लिहिलं ते वाकून बघायचा मी प्रयत्न केला, पण नंबरचा चष्मा पर्समध्ये होता.

निकाल लागला. पास. गणितात काठावर. पुलाच्या कोर्सात काठावर पास होणारी मी एकटीच असणार. मुलीनं मला मिठी मारली आणि लगेच म्हणाली, "पुढच्या वेळी सुधारणा दिसली पाहिजे."

विद्यापीठात प्रवेशाचं नक्की झालं तसे पेढे घेऊन मी आणि ती गावाला निघालो. गंगापूरच्या पुढं जीपमधल्या एका माणसानं विचारलं, "कुनाच्या घरी?" मी आबांचं नाव सांगितलं. "आस्सं! पूलवाल्याची पोरगी व्हय?" आणि सगळी जीप हसली. अजून चाललंय हे सगळं! वाटेत ओढा लागला. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं. तिथं चुन्याची दगडं नव्हती. एकसुद्धा नाही. मी मनाशी म्हटलं, पावसात गेली असतील.

घरी पोचल्या पोचल्या मी पेढ्याचा पुडा आबांपुढं ठेवला. "झाले पास. आता चला देवळापुढं. सांगून टाका सगळ्यांना खरं. मला त्या जीपमध्ये बसवेना."

आबांनी पुडा पुढ्यात ओढला आणि त्याच्या दोरीशी झटायला लागले. चुलीपाशी भाकरी थापत आई होती, तीच म्हणाली, "काय सांगायचं राहिलंय आता? ते तर कवाच सांगितलंय त्यायनी."

"कधी?"

"तू लग्नावरनं गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिशी. देवळापुढं उभं राहून सांगितलं. म्हनले, पोरीचं काय चुकलं नाय, म्याच बहिरा, म्या भलतंच ऐकलं. लई हसले लोक. तवापासनं पूलवालाच म्हनतेत. लहान लहान पोरं बी."

मी आबांकडं वळले. "आणि मला फोनवर काय सांगत होतात? लोक रोज विचारतात? काकांनी दगडं टाकली? चुना लावला?"

"मंग काय सांगू?" आबा पुड्याची दोरी सोडत म्हणाले. दोरी काही सुटत नव्हती. "तू सोडू राहिली व्हतीस."

मला राग आला, भयंकर राग आला, आणि त्या रागातच रडायला लागले. एवढे महिने मी ज्यांची लाज राखायला एक्स शोधत होते, त्यांनी आपली लाज दुसऱ्याच दिवशी देवळापुढं ठेवून दिली होती. आणि मला एका शब्दानं कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर मी सुटले असते. माझा बाप मला ओळखून होता. माझी मुलगी एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत उभी होती.

आबांनी शेवटी दोरी तोडली, एक पेढा तिच्या हातावर ठेवला, एक माझ्या. "मंग? आता संपला का कोर्स?"

"ब्रिज संपला," मी नाक पुसत म्हणाले. "आता डिग्रीची दोन वर्षं राहिली."

"म्हंजे अजून अर्धवटच की."

आईला हसू आवरेना. तेवढ्यात बाहेरून शेजारच्या काकांनी हाक मारली, "ओ पूलवाले! पोरगी आली म्हनं?"

"आलो, आलो," म्हणत आबा पेढ्याचा पुडा घेऊन उठले. त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारली असती, तर त्यांना ती ऐकूसुद्धा गेली नसती.